तारे पाहणारी तारली

आपल्या घरात कुणी ‘पाय’ म्हटले की थंडीतली पायांची हंडी आठवते. रात्रभर मंद आचेवर ठेवलेली आणि सकाळी नानबरोबर खाल्लेली. इंग्रजांचा पाय मात्र वेगळा. खोलगट भांड्यात सारण भरायचे, वर मैद्याची जाडसर पारी पसरायची आणि भांडे भट्टीत भाजायचे, एवढाच त्याचा अर्थ. सारण मटणाचे असते, कोंबडीचे असते, सफरचंदाचेही असते. कॉर्नवॉलमधल्या एका छोट्या गावात ते माशांचे असते आणि त्या पायाच्या पारीतून माशांची डोकी बाहेर आलेली असतात. सगळी तोंडे वर आकाशाकडे आणि डोळे उघडे. म्हणून त्याचे नाव ‘स्टारगेझी पाय’, म्हणजे तारे पाहणारा पाय.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही भाचीकडे प्लिमथला गेलो होतो. ती आणि जावई तिथे इस्पितळात नोकरी करतात. तिकडच्या शाळांनाही तेव्हा आठवडाभर सुट्टी असते, म्हणून त्यांच्या मुलासह सगळ्यांनी दोन दिवस कुठेतरी जायचे ठरले. भाचीने चार गावांची नावे सांगितली. त्यात हे नाव आले आणि त्या पायाचा फोटो तिने मोबाईलवर दाखवला. आम्ही रत्नागिरीची माणसे, मासा बघून दचकणारी नव्हे. तरीही तो फोटो आम्ही दोनदा पाहिला. मग ठरलेच.

गावाचे नाव लिहिताना ‘माऊसहोल’, म्हणजे उंदराचे बीळ. बोलताना मात्र ‘माऊझल’. शिक्षकाला अशी नावे फार आवडतात, कारण वर्गात इंग्रजी स्पेलिंगवरून रडणाऱ्या पोरांना सांगायला एक उदाहरण मिळते. प्लिमथहून पेन्झन्सपर्यंत आगगाडीने सुमारे दोन तास. पेन्झन्स हे त्या मार्गावरचे शेवटचे स्टेशन, पुढे रूळच नाहीत. तिथून बसने समुद्राच्या कडेकडेने जायचे. वाटेत न्यूलिन लागते. ते मासळीचे मोठे बंदर आहे. बर्फ, जाळी, डिझेल आणि माशांचा मिसळलेला वास बसच्या खिडकीतून आत आला तेव्हा आम्हाला मिरकरवाड्याच्या जेट्टीवर उभे असल्यासारखे वाटले. ब्रिटनमधल्या डोंगरांची उंची याच न्यूलिनच्या समुद्रपातळीपासून मोजतात. १९१५ ते १९२१ या वर्षांत इथे भरती-ओहोटीची नोंद ठेवून ती सरासरी पातळी ठरवली गेली. भूगोलाच्या पुस्तकात ‘समुद्रसपाटीपासून’ एवढेच छापलेले असते. ती सपाटी कुठून तरी मोजलेली असते, हे भाच्याच्या मुलाला समजावण्यात आमची दोन स्थानके गेली.

माऊझलचे बंदर म्हणजे दगडी धक्क्याच्या दोन बाहूंमध्ये धरलेले ओंजळभर पाणी. ओहोटीला होड्या चिखलात कलंडून बसतात. धक्क्यांच्या मध्ये जी अरुंद फट आहे तिथून आत-बाहेर जायचे. हिवाळ्यात त्या फटीत जाड लाकडी तुळया एकावर एक उतरवून तोंड बंद करतात, नाहीतर लाटा आत घुसून होड्या धक्क्यावर आपटतील. म्हणजे काही महिने गावाचे दारच बंद. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांखाली ठेवतात, तसेच हे. फरक एवढाच की आपल्याकडे पावसाळा समुद्र बंद करतो, तिकडे थंडीतली वादळे.

पायाची कथा या बंद दाराचीच आहे. एका हिवाळ्यात वादळ थांबेना. होड्या बाहेर पडेनात. गाव माशांवर जगणारे, त्यामुळे नाताळ तोंडावर आला तरी घराघरात चूल थंड. तेव्हा टॉम बॉकॉक नावाचा एक कोळी एकटा होडी घेऊन निघाला आणि सगळ्या गावाला पुरेल एवढी मासळी घेऊन परतला. सात प्रकारची मासळी होती म्हणतात. ती सगळी एकाच मोठ्या पायात घातली, आणि आत खरेच मासे आहेत हे भुकेल्या लोकांना दिसावे म्हणून डोकी बाहेर ठेवली. दरवर्षी २३ डिसेंबरला गावात टॉमची रात्र साजरी होते. मुले कागदी कंदील घेऊन फिरतात आणि बंदरावरच्या ‘शिप इन’मध्ये तो पाय लोकांना वाटला जातो.

टॉम खरोखर होऊन गेला का? गावातली माणसे या प्रश्नावर हसतात. त्याच्यावरचे गाणे रॉबर्ट मॉर्टन नॅन्स या कॉर्निश भाषेच्या अभ्यासकाने १९२७ साली छापले, त्यात माशांची यादी आहे. यादीत पहिलाच ‘मोर्गी’चा रस्सा. मोर्गी म्हणजे मुशी, ज्याला आपण मोरीही म्हणतो. कॉर्निशमध्ये ‘मोर’ म्हणजे समुद्र आणि ‘की’ म्हणजे कुत्रा. मोर्गी आणि मोरी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण पाच हजार मैलांवर जाऊन मोरीची भेट व्हावी, याचा आनंद कुणाला होणार नाही?

पायात घालतात तो मासा पिल्चर्ड. हा आपल्या तारलीचा सख्खा चुलतभाऊ. तसाच चंदेरी, तसाच तेलकट आणि तसाच काटेरी. जुन्या काळी कड्यावर एक माणूस पहाऱ्याला बसायचा. समुद्रावर माशांच्या थव्याची लालसर सावली दिसली की तो ‘हेव्वा, हेव्वा’ अशी हाक मारायचा आणि खाली होड्या सुटायच्या. पकडलेली मासळी गावातल्या बायका तळघरात आणून मिठाचा थर, माशांचा थर असे रचत. मग पिंपांत दाबून भरत. निघालेले तेल दिव्यांना जाई आणि पिंपे इटलीला, कारण तिथे उपवासाच्या दिवसांत मटण वर्ज्य असे. पुढे थवे कमी झाले, डब्यातला पिल्चर्ड गरिबाचा मासा ठरला आणि कुणी विचारेना. मग १९९०च्या दशकात त्याच माशाला ‘कॉर्निश सार्डिन’ म्हणून विकायला सुरुवात झाली, आणि हॉटेलवाले रांग लावून घेऊ लागले. मासा तोच, नाव बदलले. आपल्या तारलीलाही कुणी नवे नाव द्यायला हवे. पाहुणे आले की अजून आपण सुरमईच आणतो आणि तारलीचे कालवण झाकून ठेवतो.

इथवर सारे गमतीचे. पण बंदरावरून न्यूलिनच्या रस्त्याला चालत गेले की पेनली पॉइंटला एक रिकामे बोटघर लागते. समुद्रात उतरणारी उतरण, बंद दारे आणि शेजारी फुलझाडांची छोटी बाग. १९ डिसेंबर १९८१च्या रात्री ‘युनियन स्टार’ नावाचे मालवाहू जहाज इंजिन बंद पडून या किनाऱ्याकडे ढकलले जात होते. जहाजावर आठ माणसे. त्यांत कप्तानाची बायको आणि तिच्या दोन मुली होत्या. वारा इतका की हेलिकॉप्टरला कुणालाच उचलता येईना. तेव्हा या बोटघरातून ‘सॉलोमन ब्राउन’ ही लाकडी बचावनौका निघाली. तिच्यावर माऊझलचे आठ जण होते, सगळे स्वयंसेवक. निघताना एका घरातले बाप आणि मुलगा दोघेही तयार होते. नौकेचा प्रमुख ट्रेव्हेलियन रिचर्ड्स याने मुलाला मागे ठेवले. अशा रात्री एका घरातून एकच. नौकेने चार जणांना जहाजावरून काढल्याचा निरोप रेडिओवर आला आणि त्यानंतर काहीच आले नाही. दोन्हीकडची मिळून सोळा माणसे गेली.

त्या आठांत ‘शिप इन’चा चालक चार्ल्स ग्रीनहॉ होता. बंदरावरची नाताळची रोषणाई सुरू करून त्याला दोनच दिवस झाले होते. आजही दर १९ डिसेंबरला रात्री तासभर ती रोषणाई विझवतात. आणि चार दिवसांनी, २३ तारखेला, त्याच ठिकाणी पाय वाटतात.

आम्ही बोटघरासमोरच्या कठड्यापाशी बराच वेळ उभे राहिलो. कुणी काही बोलले नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला या गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत. आमच्या अम्मी, म्हणजे सासूबाई, राजिवड्याच्या. वडील, भाऊ सगळे समुद्रावर जाणारे. वारा उठला की आजही त्या दार उघडे ठेवून बसतात. होडी आल्याची बातमी कळेपर्यंत त्यांच्याकडे कुणी चहाही मागायचा नाही, असा माहेरचा रिवाज त्यांनी सासरी आणला आहे.

आता पायाकडे येऊ. सणाचा दिवस नव्हता, त्यामुळे तो वाटला जाणार नव्हता, आणि ‘शिप इन’ ही दारूची जागा असल्याने आम्ही तसेही बाहेरूनच पाहून निघालो असतो. पण आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण शेजारीच राहायची. सत्तरीच्या पुढची, गुडघ्याने अधू, पण जिभेने तल्लख बाई. भाचीने तिला पायाबद्दल विचारले तेव्हा ती म्हणाली, “उद्या संध्याकाळी माझ्याकडेच करते. लांबून आलात, न खाता कसे जाल?”

अशा वेळी आपल्या मनात काय सुरू होते हे वाचकांना सांगायला नको. मासा हलालच, त्याला जबीहाची अट नाही. त्यामुळे परदेशात ‘मासे आहेत ना, मग झाले’ असे म्हणून आपली माणसे निर्धास्त बसतात. या पायाच्या बाबतीत तसे बसता येत नाही. रूढ पद्धतीत बटाटा, उकडलेली अंडी आणि कांद्याबरोबर बेकन, म्हणजे डुकराचे खारवलेले मांस, घालतात. ते वरून दिसत नाही. त्याहून न दिसणारी गोष्ट म्हणजे पारी. जुन्या इंग्रजी पद्धतीत पारीच्या मैद्यात लार्ड चोळतात. लार्ड म्हणजे डुकराची चरबी. काही जण सारणात सायडर ओततात, ती सफरचंदाची दारू असते. म्हणजे मासा हलाल आणि त्याच्या अवतीभोवतीचे सगळे संशयाचे.

भाची अडखळली. तिला वाटत होते की पोट बिघडल्याचे सांगून मोकळे व्हावे. ती तिथे राहते, तिला रोज असे प्रसंग येतात, आणि दर वेळी स्पष्टीकरण देऊन माणूस थकतो, हे आम्हाला कळते. पण खोटे सांगून एका म्हातारीचे आमंत्रण मोडायचे हे आमच्या मनाला पटेना. आम्ही दोघे तिच्या दारात गेलो आणि जावयाने शांतपणे सांगितले की आम्ही मुसलमान आहोत, डुकराचे काही खात नाही, चरबीसुद्धा नाही, आणि दारू पदार्थात शिजलेलीही चालत नाही. तुम्हाला त्रास होणार असेल तर आम्ही नुसता चहा घेऊ.

बाईंनी चष्मा लावला, कागद घेतला आणि म्हणाल्या, “नीट सांगा, मी लिहून घेते.” मग त्यांचेच प्रश्न सुरू झाले. लोणी चालेल? चालेल. अंडी? चालतील. मोहरी वाटून घातलेली? चालेल. सफरचंदाचा सिरका? तोही चालेल. “सिरका चालतो आणि सायडर नाही?” असे त्यांनी भुवया उंचावून विचारले तेव्हा आम्ही सांगितले की सिरका झाला की ती दारू राहत नाही. त्यांनी तेही कागदावर लिहिले. शेवटी म्हणाल्या, “माझ्या वहिनीला दुधाचे काही चालत नाही. तिच्यापेक्षा तुम्ही सोपे आहात.”

दुसऱ्या दिवशी न्यूलिनहून जावयाने दोन डझन सार्डिन आणली. अस्रची नमाज उरकून आम्ही बाईंच्या स्वयंपाकघरात शिरलो. त्यांनी काचेचे नवेकोरे भांडे काढून ठेवले होते, ज्यात कधी बेकन शिजले नव्हते, आणि ते आम्हाला न विचारता आधी सांगितले. मासे साफ करायचे काम आमच्याकडे आले. खवले काढले, पोट साफ केले. मग अंगठ्याने मधला काटा सैल करून शेपटीकडून ओढला आणि मानेपाशी तोडला. डोके जागेवर. बाई बघत राहिल्या. म्हणाल्या, “हे तुम्हाला कुणी शिकवले?” आम्ही म्हटले, “समुद्राने.” त्या मोठ्याने हसल्या. शिकवले अम्मींनी, पण इंग्रजीत त्यांच्याबद्दल सांगायला लागलो असतो तर मासे तसेच राहिले असते.

बेकन वगळल्यावर खारेपणा आणि तेल कुठून आणायचे, हा प्रश्न होता. आम्ही सुचवले की कांदा पांढरा न ठेवता लोण्यात लाल होईपर्यंत परतावा. त्यांना ते थोडे धाडसाचे वाटले. तरी परतू दिला. तळाला उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, त्यावर तो कांदा, अंड्याच्या फोडी, चिरलेली पार्सली, मिरपूड, मीठ आणि दुधात मैदा शिजवून केलेला, मोहरी घातलेला दाट सॉस. मग मासे गोलाकार ठेवायचे, शेपट्या मध्यभागी आणि डोकी काठाकडे. मैद्यात लोणी चोळून थंड पाण्याने भिजवलेली पारी वर पसरायची. प्रत्येक डोक्यापाशी चीर देऊन ते अलगद वर ओढायचे आणि भोवतीचे पीठ मानेला दाबून बसवायचे. डोके वर राहिले की भाजताना त्यातले तेल बाहेर न सांडता खाली सारणात उतरते. टॉमच्या कथेपेक्षा हे कारण आम्हाला जास्त पटले. शेवटी अंड्याचा हात फिरवून भांडे भट्टीत. पाऊण तास.

या पाऊण तासात मगरिब झाली. पाचच्या सुमारासच दिवस मावळतो तिकडे. बाईंनी बैठकीतली खुर्ची सरकवून जागा करून दिली आणि स्वतः स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले.

पाय टेबलावर आला तेव्हा भाच्याच्या सहा वर्षांच्या पोराने विचारले, “हे आपल्याकडे बघतायत का?” त्याला सांगितले की ताऱ्यांकडे बघतात. त्याने खिडकीतून वर पाहिले. ढग होते. “मग आता काय बघतायत?” या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हते.

चवीबद्दल खरे सांगायचे तर पहिला घास सौम्य लागला. फार सौम्य. तिखट नाही, आंबट नाही, कोकम नाही. आपली जीभ वाट बघत राहते की आता काहीतरी येईल. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला कळते की येणार ते तेल आहे. माशाचे तेल बटाट्यात मुरलेले होते, वरची पारी खुसखुशीत आणि खालून माशाच्या रसाने ओली. लाल कांद्याने आपले काम चोख केले होते, हे बाईंनीही कबूल केले, फक्त “हे आता कॉर्निश राहिले की नाही कोण जाणे” अशी पुस्ती जोडून. त्या स्वतः डोकी खात नाहीत. तिकडे बरेच जण ती ताटाच्या कडेला ठेवतात. आम्ही डोकी चोखून खाल्ली तेव्हा त्यांनी आपल्या ताटातली दोन डोकी उचलून आमच्या ताटात ठेवली.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही चढण चढून पॉल नावाच्या वरच्या गावी गेलो. तिथल्या चर्चच्या भिंतीत डॉली पेन्ट्रीथचा स्मृतिदगड आहे. ती माऊझलची मासे विकणारी बाई, १७७७ साली वारली. कॉर्निश मातृभाषा असलेली शेवटची व्यक्ती म्हणून तिचे नाव घेतले जाते. १७६८ साली डेन्स बॅरिंग्टन नावाचे एक विद्वान ही भाषा कुणी बोलते का हे शोधत आले, तेव्हा तिने त्यांना कॉर्निशमध्ये फैलावर घेतले आणि त्यांची खात्री पटली. दगड बसवायला पुढे नेपोलियनच्या घराण्यातला एक राजपुत्र आला, १८६० साली. जिवंतपणी तिच्या पाटीतले मासे घासाघीस करून घेतले असतील लोकांनी. आता तिकडे कॉर्निश पुन्हा शिकवतात, गावांच्या पाट्यांवर लिहितात. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे आणि घरात कोकणी बोलणारे. आमच्या वर्गातली किती मुले आजीशी तिच्या बोलीत बोलतात, हे आम्ही त्या भिंतीपाशी मनात मोजत होतो. आकडा इथे लिहीत नाही.

रत्नागिरीला परतल्यावर जानेवारीत बारा मोठ्या तारल्या मिळाल्या. घरात भट्टी नाही, म्हणून ईदच्या नानखटाईचे पत्रे जिथे भाजून घेतो त्या बेकरीत भांडे नेले. बेकरीवाल्याने झाकण उघडून आत पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि पुन्हा आत पाहिले. सॉसमध्ये आम्ही हिरवी मिरची आणि थोडे आगळ घातले होते, याबद्दल माऊझलच्या बाई काय म्हणाल्या असत्या ते माहीत आहे.

अम्मींच्या समोर पाय ठेवला. त्यांनी बोटाने एकेक डोके मोजले.

“आत जागा नव्हती का यांना?”

मग टॉमची गोष्ट सांगितली. वादळ, बंद बंदर, उपाशी गाव आणि एकटा निघालेला माणूस. त्या हात थांबवून ऐकत होत्या.

“तो परत आला ना?”

“आला, अम्मी.”

“मग वाढ.”